ठिपक्यांची साक्ष

(मोटारसायकलींचे अपघात आणि स्थळांचे संख्याशास्त्र या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संख्याशास्त्राचे नाव निघाले की भला माणूस दोन पावले मागे सरतो आणि त्यात अपघातासारख्या अमंगळ गोष्टीची भर पडली, तर त्याला उठून जावेसे वाटले तरी आम्ही त्याला दोष देणार नाही. तथापि हा विषय आम्ही बुद्ध्याच निवडला आहे. सकाळी दुचाकीवरून कामाला गेलेला मुलगा, भाऊ अथवा नवरा संध्याकाळी परत आला नाही, असे एखादे तरी घर आपणांपैकी बहुतेकांच्या ओळखीचे आहे. त्या घरी जाऊन आपण हळहळतो आणि दहाव्या-तेराव्यानंतर आपापल्या उद्योगाला लागतो. हे असेच चालू द्यावयाचे की काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम आकडे ऐका. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे शेकडा ४४.५, दुचाकीवर बसलेले होते. दिवसाला दोनशेहून अधिक! आणि रस्त्यावर मेलेल्यांतील सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले, म्हणजे ज्यांच्या कमाईवर घर चालते अशा वयातले होते. एखाद्या रोगाने रोज इतके कर्ते तरुण नेले असते, तर सरकार आणि समाज हातावर हात ठेवून बसले असते काय?

अपघातानंतर आपल्याकडे दोनच उद्गार ऐकू येतात. एक म्हणजे "त्याचा काळ आला होता" आणि दुसरा म्हणजे "गाडी भरधाव हाकीत होता." पहिला उद्गार सारा भार दैवावर टाकतो, दुसरा मेलेल्या माणसावर. दुसऱ्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. त्याच २०२२ साली मेलेल्या दुचाकीस्वारांत ५०,०२९ जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट नव्हते. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून २००८ मध्येच दिसून आले आहे. त्यामुळे हेल्मेट वापरावे की नाही याविषयी वाद घालण्यास जागाच उरलेली नाही. परंतु या दोन उद्गारांमुळे एक तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो म्हणजे, अपघात झाला कोठे? आणि तेथेच पुन्हा पुन्हा का होतो? या प्रश्नाचे उत्तर देणारे जे शास्त्र आहे, त्याला आम्ही आजच्यापुरते "स्थळांचे संख्याशास्त्र" असे म्हणू.

नकाशावरचे मृत्यू

मृत्यूची नोंद नकाशावर करून त्यातून कारण शोधण्याची कल्पना जुनी आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली आणि काही आठवड्यांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. पटकी दूषित हवेने पसरते, असे त्या काळचे बहुतेक वैद्य मानीत. जॉन स्नो या डॉक्टराला ते पटत नव्हते. त्याने प्रत्येक मृत्यू ज्या घरी झाला त्या घरापाशी नकाशावर खूण केली. खुणांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती होती. त्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. पण तिच्यातील दोन बारकावे सहसा सांगितले जात नाहीत आणि आमच्या विषयाला तेच अधिक उपयोगी आहेत. पहिला असा की, स्नोने अंतर सरळ रेषेत न मोजता चालत जाण्याच्या वाटेने मोजले. कोणत्या घरातून कोणता पंप पायी जवळ पडतो, हे त्याने पाहिले. दुसरा असा की, जेथे माणसे मेली नाहीत त्या जागांकडेही त्याने तितकेच लक्ष दिले. पंपाजवळच्या एका निर्धनगृहात पाचशेहून अधिक माणसे राहत असून तेथे फक्त पाच जण दगावले, कारण त्या गृहाची स्वतःची विहीर होती. नुसते ठिपके मांडणे पुरेसे नाही. ठिपका कोणत्या वाटेवर आहे आणि कोठे तो असावयास हवा असून नाही, हेही पाहावे लागते. पुढे आम्ही जे सांगणार आहोत, ते पुष्कळसे या दोन बारकाव्यांचाच विस्तार आहे.

मुठीतले तांदूळ

आता कल्पना करा की, आपण जिल्ह्याच्या नकाशावर तीन वर्षांतील मोटारसायकलींच्या अपघातांचे लाल ठिपके मांडले. काही ठिकाणी तीन-चार ठिपके जवळजवळ पडलेले दिसतील. लगेच बोट ठेवून "ही जागा घातकी आहे" असे म्हणता येईल काय?

घाई करू नये. मूठभर तांदूळ जमिनीवर फेकून पाहा. ते सारख्या अंतराने कधीच पडत नाहीत. कोठे पाच-सहा दाणे एकत्र येतात, कोठे वीतभर जागा मोकळी राहते. तेथे जमिनीत काही खोट असते असे नव्हे, निव्वळ योगायोगाचे रूपच असे असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली जर्मनीने लंडनवर उडते बॉम्ब सोडले, तेव्हा अमुक वस्त्या शत्रूने हेरल्या आहेत अशी लोकांची समजूत झाली. आर. डी. क्लार्क नावाच्या विमागणितज्ञाने १९४६ मध्ये तिची परीक्षा केली. त्याने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग ५७६ सारख्या चौकोनांत विभागला. त्यांत ५३७ बॉम्ब पडले होते. निव्वळ योगायोग असता तर किती चौकोन कोरे राहिले असते, किती चौकोनांत एक बॉम्ब पडला असता, किती चौकोनांत दोन, हे पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राने काढता येते. सूत्र म्हणाले, कोरे २२७. प्रत्यक्षात निघाले २२९. एक बॉम्ब पडलेले चौकोन सूत्राप्रमाणे २११, प्रत्यक्षातही २११. दोन बॉम्ब पडलेले सूत्राप्रमाणे ९९, प्रत्यक्षात ९३. म्हणजे शत्रूने वस्त्या हेरलेल्या नव्हत्या. लोकांना दिसलेली दाटी ही मुठीतल्या तांदळांची दाटी होती.

रस्त्यावरचे अपघात मात्र बहुधा या कसोटीला उतरत नाहीत. निव्वळ योगायोगाने जितके तुकडे कोरे राहावेत त्याहून अधिक कोरे राहतात आणि जितक्या तुकड्यांवर गर्दी व्हावी त्याहून अधिक तुकड्यांवर गर्दी होते. याचा अर्थ असा की, दैवाव्यतिरिक्त आणखी काहीतरी तेथे काम करीत आहे. "त्याचा काळ आला होता" या उद्गाराला संख्याशास्त्राने दिलेले हे पहिले उत्तर होय. पण कोणती दाटी खरी आणि कोणती तांदळाची, हे ठिकाणागणिक तपासावे लागते. ती तपासणी न करता केलेला खर्च वाया जाण्याचा संभव असतो आणि खरी घातकी जागा तशीच राहते.

भागाकार कशाने करावा?

दुसरी अडचण भागाकाराची. २०२२ च्या सरकारी अहवालात असे दिसते की, देशातील सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले. हे वाचून वळणे सुरक्षित आणि सरळ रस्ता घातकी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो हास्यास्पद ठरेल. रस्त्याची बहुतेक लांबीच सरळ आहे, म्हणून तेथे अपघातांची संख्या मोठी दिसते. किती लांबीवर किती अपघात झाले आणि त्या लांबीवरून किती वाहने गेली, हे कळल्याशिवाय नुसती संख्या मुकी असते. बाजारपेठेतल्या चौकात वर्षाला दहा अपघात झाले आणि गावाबाहेरच्या एका मोरीपाशी चार, तर चौक अधिक वाईट ठरतो काय? चौकातून दिवसाला वीस हजार दुचाकी जात असतील आणि मोरीवरून केवळ आठशे, तर प्रत्येक स्वाराच्या दृष्टीने मोरीच दहापट घातकी आहे. म्हणून दुचाकींची स्वतंत्र मोजणी हवी. एकूण वाहनांच्या आकड्याने मोटारसायकलस्वाराचा धोका कळत नाही.

मोटारसायकलीची गोष्टच निराळी आहे. चारचाकीला जो खड्डा हिसका देतो, तो दुचाकीला पाडतो. पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, वळणावर सांडलेली खडी, पहिल्या पावसात तेलाने निसरडी झालेली डांबरी आणि काँक्रीटच्या कडेला साईडपट्टीचा पडलेला खोलगा, ही सारी दुचाकीस्वाराची संकटे आहेत. मोटारीतल्या माणसाला ती जाणवतही नाहीत. शिवाय दुचाकी लहान असल्याने इतरांना ती वेळेवर दिसत नाही. हॅरी हर्ट या संशोधकाने अमेरिकेत लॉस एंजलिस येथे मोटारसायकलींच्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. दोन वाहनांच्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांशांत मोटारसायकलस्वाराचा हक्काचा मार्ग दुसऱ्या वाहनाने अडविला होता. अशा टकरी मुख्यतः चौकांत होतात. समोरून येणारी मोटार वळण घेताना मोटारसायकलीच्या आडवी येते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने हाच धोका उजवे वळण घेणाऱ्या मोटारीकडून संभवतो. म्हणून मोटारसायकलींचा नकाशा हा साऱ्या अपघातांच्या नकाशात मिसळून टाकू नये. तो वेगळाच काढला पाहिजे.

अंतर वाटेने मोजावे

आता स्नोच्या पहिल्या बारकाव्याकडे वळू. अपघात मैदानात होत नाहीत, रस्त्यावर होतात. तरीही पुष्कळ नकाशे सरळ रेषेने अंतर मोजून ठिपक्यांची दाटी ठरवितात. आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट ज्यांनी दुचाकीवरून चढला आहे, त्यांना यातील चूक लगेच कळेल. वरच्या वळणावरचा आणि खालच्या वळणावरचा असे दोन अपघात नकाशात शेजारी दिसतात. वाटेने पाहिले तर त्यांच्यामध्ये बरेच अंतर असते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. उड्डाणपुलावरचा अपघात आणि पुलाखालच्या सेवारस्त्यावरचा अपघात हे नकाशात तर एकाच ठिपक्यात मिळून जातात. म्हणून जपानमधील ओकाबे आणि यामादा या अभ्यासकांनी २००१ मध्ये रस्त्यांच्या जाळ्यावरूनच अंतर मोजून दाटी तपासण्याची रीत मांडली. त्यानंतर या क्षेत्रातील अनेकांनी तिचाच मार्ग धरला आहे.

कधी कधी ठिपका एका जागी पडतो आणि कारण वाटेवर पुष्कळ मागे असते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्गाला लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका अवजड वाहनाने एकामागून एक सुमारे ४८ वाहनांना धडका दिल्या. ठिपके पुलाजवळ पडले, पण वेग साठत आला तो वरच्या उतारावर. पायथ्याशी शहरातल्या दुचाकींची वर्दळ आणि माथ्यावरून येणारा अवजड वाहनांचा लोंढा यांची गाठ पडते, तेव्हा केवळ पायथ्याशी फलक लावून काय साधणार? वाटेच्या दिशेने ठिपके वाचले, तरच उपाय कोठे करावा हे कळते.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. सरकारी व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यावर तीन वर्षांत मृत्यूचे अथवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसे मेली, तर ते अपघातप्रवण स्थळ, म्हणजे "ब्लॅक स्पॉट" ठरते. व्याख्या असावी हे योग्यच. पण तुकडे कोठून पाडावयाचे? एखाद्या वळणावर सहा अपघात झाले आणि तुकड्याची सीमा नेमकी वळणाच्या मध्यावर आली, तर तीन अपघात अलीकडच्या आणि तीन पलीकडच्या तुकड्यात जातात. दोन्ही तुकडे कागदावर निर्दोष ठरतात आणि वळण जीव घेतच राहते. यावर उपाय सोपा आहे. पाचशे मीटरची मोजपट्टी रस्त्यावर थोडी थोडी पुढे सरकवीत न्यावी, म्हणजे दाटी कोठेही असली तरी पट्टीखाली येते.

नकाशा जेथे संपतो

तुकड्याच्या सीमेचे जे, तेच जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमेचे. सीमेवरच्या शहरांत राहणाऱ्या आपणांस हा मुद्दा विशेष जवळचा वाटेल. कागल सोडून कोगनोळी, निपाणीकडे निघालेल्या मोटारसायकलस्वाराच्या चाकाखालचा महामार्ग एकच असतो. परंतु त्याच्या अपघाताची नोंद कोणत्या राज्याच्या, कोणत्या जिल्ह्याच्या आणि कोणत्या ठाण्याच्या वहीत जाईल, हे शंभर पावलांवर अवलंबून असते. प्रत्येक कचेरी आपल्या हद्दीपुरता नकाशा काढते. त्यामुळे हद्दीलगतच्या अपघाताचे निम्मे शेजारी पलीकडच्या नकाशात राहतात आणि दोन्ही नकाशांत ती जागा प्रत्यक्षापेक्षा विरळ दिसते. संख्याशास्त्रात याला कडेचा परिणाम म्हणतात. ब्रायन रिप्ले या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने ठिपक्यांची दाटी मोजण्याची जी पद्धत १९७६ च्या सुमारास मांडली, तिच्यातही कडेवरच्या ठिपक्यांसाठी दुरुस्ती करावी लागते. मात्र गणिताची दुरुस्ती हा नाइलाजाचा मार्ग होय. खरा मार्ग असा की, हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी एकत्र करून नकाशा काढावा. २०२१ पासून देशभर अंमलात येऊ लागलेल्या आणि मद्रासच्या आयआयटीने विकसित केलेल्या "आयआरॅड" या एकात्मिक अपघात माहितीकोशात पोलीस अक्षांश-रेखांशासह नोंद करतात, त्यामुळे आता हे शक्य आहे. अट एवढीच की नोंद जागेवरच व्हावी. ठाण्यात परतल्यावर ती केली, तर ठिपका ठाण्याच्या दारात पडेल आणि सारा नकाशा खोटा ठरेल.

शेजाऱ्यांचा गुण

दाटी खरी की योगायोगाची हे ठरविण्याची रीत आता थोडक्यात सांगतो. वॉल्डो टॉब्लर या भूगोलज्ञाने १९७० मध्ये एक साधे तत्त्व सांगितले. प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा अधिक. शेजाऱ्यांचे गुण एकमेकांना लागतात हे आपल्या आयाबायांनाही ठाऊक आहे. ते किती लागले हे मोजावयाचे असते. पॅट्रिक मोरान यांनी १९५० मध्ये त्यासाठी एक निर्देशांक दिला. तो एकाच्या जवळ आला तर जास्त अपघातांचे तुकडे एकमेकांशेजारी गोळा झाले आहेत असे समजावे. शून्याच्या आसपास राहिला तर नकाशात रचना नाही असे समजावे. परंतु तो साऱ्या नकाशासाठी एकच आकडा देतो. घातकी जागा नेमकी कोणती, हे सांगणारी मापे गेटिस आणि ऑर्ड यांनी १९९२ मध्ये व लुक आन्सेलिन यांनी १९९५ मध्ये दिली.

या मापांची परीक्षा पत्ते पिसण्यासारखी असते. प्रत्येक तुकड्यावरचा अपघातांचा आकडा एकेका पत्त्यावर लिहिला आहे असे समजा. ते पत्ते पिसून तुकड्यांवर पुन्हा वाटावेत आणि शेजारच्या तुकड्यांची बेरीज पाहावी. असे ९९९ वेळा करावे. खऱ्या नकाशातील दाटी इतकी दाट त्यांतील फार थोड्या वेळाच आली, तर ती योगायोगाची नव्हे असे म्हणण्यास आधार मिळतो. येथेही सावधगिरी हवीच. २०० किलोमीटर महामार्गाचे ४०० तुकडे होतात. शंभरात पाच इतकी चूक चालेल असे ठरविले, तर सारा रस्ता निर्दोष असूनही सुमारे वीस तुकडे लाल दिसतील. म्हणून एकाच वेळी शेकडो तुकडे तपासताना कसोटी अधिक कडक ठेवावी लागते.

स्थळाबरोबर काळही पाहिला पाहिजे. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही आणि ट्रॉली बिघडून कडेला उभी. अशा ट्रॉलीवर मागून आदळणाऱ्या दुचाकीस्वाराला बचावाची संधी फारशी उरत नाही. या अपघातांना वर्षाच्या बेरजेत मिसळले, तर जागा मध्यम वाटेल. हंगामाचे महिने आणि अंधाराचे तास वेगळे काढले, तर तीच जागा ठळकपणे पुढे येईल. मार्टिन कुलडॉर्फ यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत, मुळात रोगांच्या साथी शोधण्यासाठी वापरली जाते. एक खिडकी नकाशावर आणि कालपत्रकावर सरकवीत न्यावयाची आणि आतल्या घटना अपेक्षेहून किती अधिक आहेत हे पाहावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. तिचा उपयोग अपघातांसाठीही होतो.

ताईत आणि गुण

समजा, एक घातकी जागा सापडली. तेथे फलक लावले, गतिरोधक घातले आणि पुढील तीन वर्षांत अपघात निम्म्यावर आले. कचेरीने यश जाहीर केले. ते खरे मानावे काय? याचे उत्तर फाशांच्या एका खेळात आहे. साठ माणसांना एकेक फासा टाकू द्या. सुमारे दहा जणांना सहाचे दान पडेल. त्या दहांच्या गळ्यात ताईत बांधून पुन्हा फासा टाकावयास सांगा. आता त्यांतील एखाद्या-दुसऱ्यालाच सहा पडेल. आठ-नऊ जणांना ताइताचा "गुण" आला! वस्तुतः ताईत नसता तरी हेच झाले असते. सर्वांत वाईट तीन वर्षे पाहूनच जागा निवडली, तर पुढची तीन वर्षे उपायाशिवायही बहुधा बरी जातात. एझ्रा हॉवर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात या फसगतीतून बाहेर पडण्याची रीत सविस्तर सांगितली आहे. त्या जागेचा स्वतःचा इतिहास आणि तिच्यासारख्याच इतर जागांची सरासरी, या दोहोंचा मेळ घालून अपेक्षित आकडा काढावयाचा आणि उपायानंतरची स्थिती त्याच्याशी ताडून पाहावयाची, अशी ती रीत होय.

याचा अर्थ उपाय निष्फळ असतात असा कोणी घेऊ नये. मलेशियात क्वालालंपूर आणि क्लांग यांच्या दरम्यानच्या फेडरल हायवेला १९७० च्या दशकाच्या आरंभी मोटारसायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका जोडण्यात आली आणि पुढे ती वाढविण्यात आली. या वाढविलेल्या मार्गिकेच्या अभ्यासात मोटारसायकल अपघातांत सुमारे ३९ टक्के घट नोंदली गेली. जेथे अवजड वाहन आणि दुचाकी यांची वाट वेगळी होते, तेथे जीव वाचतात. योग्य जागी योग्य उपाय झाला, तर आकडेही त्याची साक्ष देतात. आमचे म्हणणे एवढेच की ती साक्ष तपासून घ्यावी.

आपले कर्तव्य

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. हे सारे गणित विद्वानांनी करावे आणि नागरिकांनी घरी बसावे, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. गणिताला लागणारा कच्चा माल आपल्याच हाती आहे.

अपघात झाला की पंचनाम्यात "अमुक गावाजवळ" एवढेच लिहून भागत नाही. किलोमीटरचा दगड, रस्त्याची बाजू, जाण्याची दिशा, वेळ आणि उजेड यांची नोंद झाली पाहिजे, आणि पंच म्हणून सही करणाऱ्याने ती झाली आहे की नाही हे वाचून पाहिले पाहिजे. एकटाच घसरून पडलेला दुचाकीस्वार बहुधा पोलिसांकडे जात नाही, तो दवाखान्यात जातो. त्यामुळे ज्या जागी माणसे घसरून पडतात, ती पोलिसांच्या नकाशात कोरी राहते. म्हणून दवाखान्यांनी रुग्णाचे नाव न देता केवळ जागेची नोंद कळविण्याची व्यवस्था व्हावी. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी चौकाचौकांत दुचाकींची मोजणी करावी. प्रा. व. शं. हुजूरबाजार यांच्यासारखा थोर संख्याशास्त्रज्ञ ज्या कोल्हापुरात जन्मला, त्या मुलखातल्या मुलांना हे काम अवघड वाटण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेल्या निर्देशांत जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे तीन वर्षांतील दुचाकी अपघातांची जागावार यादी मागावी, हद्दीपलीकडच्या जिल्ह्याचीही मागावी आणि दोन्ही एकत्र मांडाव्यात. कोणी देत नसेल तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, रस्त्याच्या आखणीत, बांधणीत अथवा देखभालीत ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित अधिकारिणीला अथवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम एका जिवापुढे काहीच नाही. परंतु रस्ताही दोषी असू शकतो, हे कायद्याने मान्य केले, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या जागी दाटी खरी आहे असे मोजून दाखविता येते, त्या जागेविषयी "आम्हांला ठाऊक नव्हते" असे म्हणण्याची सोय कोणत्याही कचेरीला राहत नाही.

आणि जाता जाता तरुणांना एक विनंती. जागा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर हेल्मेट आपल्या हाती आहे. त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधा, तो नुसता लोंबत ठेवू नका. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या, कारण २०२२ साली हेल्मेट नसताना मेलेल्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते.

नकाशावरचा प्रत्येक ठिपका हा एकेकाळी नाव-गाव असलेला माणूस होता. त्याला आपण परत आणू शकत नाही. पण तो कोठे पडला आणि का पडला याची साक्ष तो अजून देत आहे. ती नीट टिपून घेणे, पारखणे आणि तिच्याप्रमाणे रस्ता दुरुस्त करून घेणे, हे काम आपणा सर्वांचे आहे. त्यात जितका विलंब होईल, तितके नवे ठिपके त्या नकाशावर वाढत जातील.